फोडलेले चिंचोके

बाई घाबरट होत्या आणि ते त्या कोणापासून लपवत नसत. सूक्ष्मदर्शकासमोर खुर्ची ओढून बसल्या की चपला काढून टेबलाखाली सारायच्या, चष्मा पदराने पुसायच्या आणि ‘चहा झाला का’ असं विचारावं तितक्या साध्या आवाजात म्हणायच्या, “मला भीती वाटतेय.” त्यानंतरच डोळा लावायच्या.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, यांना बरं नाहीये. मी धावत जाऊन पाणी आणलं.

“पाणी नको गं,” त्या म्हणाल्या. “तुला वाटतेय का भीती?”

“नाही बाई.”

“मग बाहेर बाकावर बसून ये जरा. वाटायला लागली की आत ये.”

मी खरंच बाहेर जाऊन बसले. नोकरीचा दुसरा आठवडा होता. बाकावर बसल्या बसल्या आता आपल्याला काढून टाकतात की काय असं मनात आलं आणि भीती वाटायला लागली. मी आत गेले. बाईंनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “हां, आता काप.”

ठाण्यातल्या एका मोठ्या रुग्णालयाची ही लॅब आणि बाई तिथल्या पॅथॉलॉजिस्ट. मी तिथे तंत्रज्ञ म्हणून लागले ती आमच्या घरातली पहिली पदवीधर म्हणून. मुरबाडच्या शाळेत शिकले, पुढचं कॉलेज कल्याणला. माझं शिक्षण ताईने केलं. सातवीनंतर तिने शाळा सोडली आणि डोंबिवलीत ब्लाउज शिवत राहिली. ताईनंतर कोणाचे उपकार मोजायचे तर बाईंचे. त्यांनी मला जे शिकवलं ते कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

आमच्याकडे दात्यांच्या किडनीचे तुकडे येत. माणूस ब्रेनडेड झाला, घरच्यांनी अवयवदानाला होकार दिला, पण दाता वयस्कर असला किंवा त्याला ब्लडप्रेशर असलं, की सर्जनला प्रश्न पडतो: ही किडनी दुसऱ्याच्या अंगात चालेल का? किडनी बर्फात ठेवलेली असते. तिचा नखाएवढा तुकडा लॅबमध्ये येतो. तो मी गोठवायचा, पात्याने पातळ कापायचा, काचेवर घेऊन रंगवायचा आणि बाईंनी बघायचा. किडनीत लाखो बारीक गाळण्या असतात. जिवंत गाळणी नाजूक जाळीसारखी दिसते. मेलेली असली की जाळी बुजून नुसता गुलाबी गोळा राहतो. शंभरात किती गोळे, किती जाळ्या, यावरून अंदाज बांधायचा. तो सर्जनला फोनवर सांगायचा. सर्जन तिकडे हातमोजे घालून थांबलेला.

मोजायला बाई चिंचोके वापरायच्या. कोपरीत त्यांच्या घरामागे चिंचेचं झाड होतं, त्याचे. जिवंत गाळणीला अख्खा चिंचोका, मेलेलीला फोडलेला, पांढरी बाजू वर. डोळा सूक्ष्मदर्शकात आणि हात टेबलावरच्या दोन वाट्यांत. लॅबने त्यांना मोजायचं यंत्र आणून दिलं होतं, बटण दाबलं की आकडा पुढे जाणारं. ते कपाटात पडून होतं.

“यंत्र चुकलं तर त्याचं त्यालाही कळत नाही,” बाई म्हणायच्या. “चिंचोका हाताला लागतो.”

आमचे ज्युनियर डॉक्टर डोंबिवलीचे, तरुण आणि घाईचे. ते हळूच माझ्याकडे बघून हसायचे. “बाईंना ना, सारीपाट मांडून द्या एकदाचा.” मला हसू यायचं नाही. मी पहिलीत चिंचोक्यांवरच बेरीज शिकले होते.

बाईंचे आणखी बरेच नियम होते. दात्याचं वय एका चिठ्ठीवर लिहून त्या टेबलावर ठेवायच्या आणि वर बशी पालथी घालायच्या. मोजणी संपेपर्यंत बशी उचलायची नाही. वय आधी कळलं की डोळा त्या वयाचंच बघतो, असं त्यांचं म्हणणं. भिंतीवरच्या घड्याळाचं तोंड त्या भिंतीकडे करायला लावायच्या. वेळ मी बघायची, पण विचारल्याशिवाय सांगायची नाही. आणि सगळ्यात कडक नियम म्हणजे किडनी कोणाला मिळणार आहे हे त्यांच्या कानावर पडता कामा नये. अवयवदानाचा समन्वय बघणारी मुलगी फोनवर कधी चुकून बोलायला लागायची, “बाई, पेशंट अगदी तरुण आहे हो, नुकतंच लग्न…” की बाई रिसीव्हर ठेवून द्यायच्या. समोर येऊन कोणी सांगायला लागलं तर सरळ दोन्ही कानांत बोटं घालायच्या. साठीला आलेली बाई कानांत बोटं घालून उभी. नवीन माणसाला ते विचित्र वाटायचं.

किडनी चालली, माणूस बरा होऊन घरी गेला, की नातेवाईक लॅबमध्येसुद्धा पेढे पाठवत. आम्ही खायचो. बाई हात लावायच्या नाहीत.

“अहो, एक तरी घ्या,” ज्युनियर डॉक्टर म्हणाले होते एकदा. “तुमचीच कमाई आहे.”

“आज पेढा खाल्ला तर उद्या हात सैल सुटेल,” बाई म्हणाल्या. मग जरा थांबून त्यांनी विचारलं, “डॉक्टर, वाईट किडनीला आपण हो म्हटलं तर काय होतं?”

“चालत नाही. पेशंट परत डायलिसिसवर.”

“म्हणजे कोणीतरी येऊन सांगतं की तुम्ही चुकलात. आणि चांगल्या किडनीला नाही म्हटलं तर?”

डॉक्टरांनी हातातला पेढा परत डब्यात ठेवला.

“ती कचऱ्यात जाते. तिच्यावर जो जगला असता त्याला कळतही नाही. मग मला कोण येऊन सांगणार?” त्यांनी पेढ्यांचा डबा माझ्याकडे सरकवला. “मला या दुसऱ्या चुकीची जास्त भीती वाटते.”

माझ्या ताईच्या दोन्ही किडन्या तेव्हाच निकामी झालेल्या होत्या. तिचं ब्लडप्रेशर कोणी कधी मोजलंच नव्हतं. पाय सुजायला लागले तेव्हा आम्ही तिला म्हणत होतो, बसून बसून सुजतात, मशीन जरा कमी चालव. माझा रक्तगट जुळला नाही, आईला मधुमेह. आठवड्यातून तीनदा कल्याणला डायलिसिस, आणि आमच्याच रुग्णालयाच्या प्रतीक्षायादीत नाव. डोंबिवलीजवळ कोपरला आमची खोली होती, तिथे ताईचं पाण्याचं एक फुलपात्र वेगळं होतं. दिवसभरात मोजून एवढंच. उन्हाळ्यात ती जिभेवर बर्फाचा खडा ठेवून बसायची आणि तो विरघळेपर्यंत एक शब्द बोलायची नाही. बोललं तर लवकर संपतो, म्हणायची.

हे मी लॅबमध्ये कोणाला सांगितलं नव्हतं. बाईंच्या नियमामुळे सांगितलं नव्हतं असं तेव्हा मी स्वतःला समजावत असे. खरं तर मला नोकरीची भीती होती. ताई यादीत आहे म्हटल्यावर मला या टेबलावरून उठवतील, हे उघड होतं.

तो दिवस सोमवार होता. सकाळी दहाच्या सुमारास ताईचा फोन आला.

“अगं ऐक, मला बोलावलंय. किडनी आलीये म्हणे. रक्त द्यायचंय, उपाशी ये म्हणालेत. शेजारच्या काकूंना घेऊन निघालेय.”

“कुठे आहेस?”

“शीळफाट्याला अडकलोय. रिक्षावाला म्हणतो पुढे ट्रक आडवा झालाय. उशीर झाला तर दुसऱ्याला देतील का गं?”

“नाही देत. तू घाबरू नको.”

“मी नाही घाबरत. तुझाच आवाज कापतोय.”

फोन ठेवला आणि मामा बर्फाची पेटी घेऊन दारात. मामा आमचे वॉर्डबॉय. पेटीवर किडनीच्या तुकड्याचा कागद. त्या दिवशी दुसरी कुठलीच किडनी नव्हती. मला कळायचं ते कळलं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. सर्जन जो तुकडा काढून पाठवतो तो कलिंगडाच्या फोडीसारखा असतो. रुंद बाजूला किडनीची साल, निमुळतं टोक आतलं. तो गोठवताना फोड ताटात उभी करावी तसा बसवायचा, म्हणजे पातं फिरलं की सालीपासून टोकापर्यंतचा सगळा भाग एकाच कापात दिसतो. हे बाईंनी मला पहिल्या महिन्यात कलिंगड आणून शिकवलं होतं. नंतर आम्ही ते खाल्लं होतं. साल पात्याच्या तोंडाशी ठेवून तुकडा पालथा बसवला तर काचेवर नुसता सालीलगतचा थर येतो. आणि माणसाचं वय झालं की सालीलगतच्या गाळण्या सगळ्यात आधी मरतात. आत सगळं ठीक असतं, पण काच दाखवते की किडनी गेली.

मी तुकडा बसवला. कसा बसवला ते मला आठवत नाही. माझ्या कानात शीळफाट्याचे हॉर्न वाजत होते.

बाईंनी चपला काढल्या, चष्मा पुसला. “मला भीती वाटतेय.” डोळा लावला. चिंचोके पडायला लागले. मी समोर उभी राहून वाट्यांकडे बघत होते. अख्खा. फोडलेला. फोडलेला. अख्खा. फोडलेला. पांढऱ्या बाजू वाढत चालल्या.  मोजून झालं तेव्हा अठ्ठावीस गाळण्या होत्या, त्यातल्या तेरा मेलेल्या.

ज्युनियर डॉक्टरांनीही पाहिलं. “बाई, निम्म्या गेल्यात. मी सर्जनना नाही सांगतो.” त्यांनी फोन उचलला.

“ठेवा,” बाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. “काप कसा बसवलास?”

“उभा, बाई.”

तोंडातून आपोआप निघालं. रोजचं उत्तर होतं. बाईंनी पुन्हा डोळा लावला, काच सावकाश सगळ्या बाजूंना फिरवली.

“उभा असता तर साल एका कडेला दिसली असती. मला चारी कडांना साल दिसतेय. पुन्हा विचारते. कसा बसवलास?”

 मी खोटं रेटलं असतं तर किडनी कचऱ्यात. खरं बोलले तर नोकरी. पण त्या क्षणी मला नोकरी आठवली नाही, ताईचं फुलपात्र आठवलं.

“पालथा बसला असेल बाई. मला खरंच माहीत नाही. माझं लक्ष नव्हतं.”

“तुझं? का?”

“ताईला बोलावलंय. माझ्या सख्ख्या ताईला. या किडनीसाठी.”

बाईंचे हात कानांकडे गेले, पण अर्ध्यातच थांबले. ऐकायचं ते ऐकून झालं होतं. मी त्यांच्या चेहऱ्यावर इतकी भीती कधी पाहिली नव्हती. त्या मला रागावतील म्हणून मी वाट बघत होते. त्या उठल्या.

“डॉक्टर, तुम्ही बसा इथे. मी नाही आता मोजू शकत.” त्यांनी आपली खुर्ची फिरवली आणि सूक्ष्मदर्शकाकडे पाठ करून बसल्या. वाट्या मांडीवर घेतल्या. “तुम्ही बघून सांगा, मी टाकते. आणि तू काप.”

“मी? माझा हात कापतोय बाई.”

“तो कापतोय म्हणूनच. आज इथे तुझ्याइतकं जपून कोणी कापणार नाही. आतल्या थरापर्यंत जा. दोन कापांत अंतर ठेव, तीच गाळणी दोनदा मोजली जाऊ देऊ नको. आणि लक्षात ठेव, फोड आहे ती. आत जाशील तशी निमुळती होत जाणार.”

म्हणजे जितकं खोल जावं तितकं हाती कमी लागणार होतं. पंचवीस गाळण्या तरी दिसायला हव्यात, त्याखाली सांगितलेल्या मताला अर्थ नाही, हे मला माहीत होतं. तुकडा संपला तर संपला. पुन्हा मागवायला वेळ नव्हता.

मी पातं फिरवत गेले. वरचे थर टाकून दिले. मग पहिला खोल काप घेतला, रंगवला, दिला.

“जिवंत,” डॉक्टर म्हणाले. “जिवंत. जिवंत. गेलेली. जिवंत.” बाईंच्या मांडीवरच्या वाटीत टक टक आवाज येत होता. नेहमी चेष्टा करणारा माणूस प्रत्येक गाळणीवर थांबून थांबून बोलत होता. पहिल्या कापात चौदा. दुसऱ्यात दहा. आता तुकडा मुगाच्या दाण्याएवढा उरला होता. मी श्वास रोखून तिसरा काप घेतला. तो पात्यावर गुंडाळला गेला. ब्रशच्या केसाने मी तो सरळ केला. आईच्या डोळ्यातलं कुसळ काढावं तसा. काचेवर आला.

“जिवंत. जिवंत. जिवंत… गेलेली. जिवंत. जिवंत. जिवंत.”

एकतीस. फोडलेले चार.

बाईंनी बशी उचलून वय वाचलं. मान हलवली. मग स्वतः फोन घेतला आणि सर्जनना सांगितलं, “पहिला काप आमच्याकडून पालथा बसला. त्यात तेरा गेलेल्या होत्या. खोलवर एकतिसात चार. रक्तवाहिन्यांच्या भिंती जरा जाड आहेत. दोन्ही आकडे लेखी देतेय. खोलवरचं बघून मी म्हणेन, घ्या. पण सुरुवातीला ही किडनी थोडी झोपेल, लगेच काम करणार नाही, घरच्यांना तशी कल्पना द्या.”

आमच्याकडून. तो शब्द मी आजही विसरलेले नाही.

ती किडनी ताईला मिळाली नाही. एका किडनीसाठी दोघा-तिघांना बोलावतात आणि ताईचा नंबर दुसरा होता, हे संध्याकाळी कळलं. पहिला माणूस जुळला. ताई दिवसभर उपाशी, तिला घेऊन मी कोपरला परत आले.

“त्याची बायको माझ्याजवळ येऊन रडली गं,” ताई म्हणाली. “मी म्हटलं, मी काय केलंय? आता भात टाक, भूक लागलीये.”

मी तिला काहीच सांगितलं नाही. भात टाकताना डोक्यात एकच होतं. बाईंनी चारी कडांची साल पाहिली नसती, तर एका अनोळखी माणसाची किडनी माझ्या हातून कचऱ्यात गेली असती. आणि मी ताईच्या नावाने रडत बसले असते.

दुसऱ्या दिवशी मी राजीनामा लिहून नेला. बाईंनी तो वाचला, चार घड्या घातल्या आणि चिंचोक्यांच्या डब्यात टाकला.

“तू कापत राहशील,” त्या म्हणाल्या. “आजपासून मोबाइल माझ्या ड्रॉवरमध्ये. पेटी आली की काच तयार होईपर्यंत ड्रॉवर उघडायचा नाही.”

“आणि तुम्ही बाई?”

“मी आता दात्यांच्या किडन्या बघणार नाही. तुझ्या ताईला किडनी मिळेपर्यंत नाही.”

मी रडायला लागले. म्हटलं, मी ताईचं नाव दुसऱ्या रुग्णालयात घालते, मी सोडून जाते, पण तुम्ही थांबू नका.

“रडू नको. ऐक. काल तू बोललीस आणि मला चुकायची भीती वाटायची थांबली. आता ही चांगली निघू दे, असं वाटायला लागलं. तसं वाटलं की डोळा गुलाबी गोळ्यात जाळी शोधतो. डॉक्टर शिकतील. मी मागे उभी राहीन.”

ठाण्यातला तो सगळ्यात तयार डोळा माझ्या एका वाक्याने बंद झाला. डॉक्टर शिकले, चांगले शिकले. चिंचोकेसुद्धा वापरायला लागले आणि त्यावर विनोद करायचे थांबले. पेटी आली की बाई दाराबाहेरच्या बाकावर बसत, चपला काढून. मी तुकडा बसवला की काचेच्या दारातून बोटाने विचारत: उभा? मी मान हलवायची. मग स्वतः पुन्हा एकदा बघायची. मग आणखी एकदा.

असे आठ महिने गेले. एका दुपारी पेटी आली, मी मोबाइल ड्रॉवरमध्ये टाकला, तुकडा उभा बसवला, कापला, रंगवला. डॉक्टरांनी मोजलं. त्रेचाळिसात पाच. सर्जनना कळवलं. ड्रॉवर उघडला तर ताईचे अकरा मिस्ड कॉल.

मी मोबाइल हातात धरून बाहेर आले. बाईंनी माझं तोंड पाहिलं आणि दोन्ही कानांत बोटं घातली.

त्या दिवशी ताईला किडनी मिळाली. तीही झोपलेली निघाली. अकरा दिवस लघवी नाही, डायलिसिस चालूच. सर्जन म्हणत, वाट बघू. वाट बघताना मी काय काय विचार केला ते लिहीत नाही. त्रेचाळिसातल्या त्या अडतीस गाळण्या माझ्या हातांनी काचेवर आल्या होत्या. त्यातली एखादी तरी जागी असेल का, हेच डोक्यात. बाराव्या दिवशी पहाटे नर्सने पिशवी उचलून दाखवली. तळाशी बोटभर पिवळं पाणी होतं.

बाई पुन्हा सूक्ष्मदर्शकासमोर बसू लागल्या आणि गेल्या वर्षी निवृत्त झाल्या. मध्यंतरी मी ताईला घेऊन कोपरीला त्यांच्याकडे गेले. पेढे नेले नाहीत. बाईंनी ताईकडे नीट पाहिलंच नाही, तिच्या खांद्यावरून मागच्या चिंचेकडे बघत बोलत होत्या. तब्येत कशी आहे हेही विचारलं नाही. ऊन फार आहे म्हणाल्या. मग ताईच म्हणाली, “बाई, जरा पाणी मिळेल?”

बाई आत गेल्या आणि एका छोट्या फुलपात्रात पाणी घेऊन आल्या. अर्धंच भरलेलं.

ताईने ते एका घोटात संपवलं. “अजून.”

बाई तांब्या घेऊन आल्या. पुन्हा अर्धं भरून थांबल्या. तांब्याची कड फुलपात्रावर वाजत होती.

“मला भीती वाटतेय,” बाई म्हणाल्या.

“मलापण वाटते, रोज,” ताई म्हणाली. “भरा तुम्ही.”